कानाचा कौल



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. एका इंग्रजी विज्ञानकादंबरीमालेचे श्राव्य पुस्तक, त्याच कथेवरून निघालेली दूरचित्रवाणी मालिका आणि त्या पुस्तकाविषयी ऐकणाऱ्यांनी दिलेली मते, हा व्याख्यानमालेत मांडण्याजोगा विषय आहे काय? आम्हांस तो तसा वाटतो. कारण या सभागृहात जे चालते तेच तेथेही चालते. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात आणि घरी जाताना आपापला कौल देतात. “विषय चांगला होता हो, पण आवाज काही जमला नाही,” हे वाक्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले आहे. हे वाक्य उच्चारताना श्रोता नेमके काय सांगत असतो आणि त्याच्या म्हणण्याला किती वजन द्यावयाचे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न मोघम राहू नये म्हणून एकच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांनी जेम्स एस. ए. कोरी हे एकच टोपणनाव धारण करून २०११ साली ‘लिव्हायथन वेक्स’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे दहा वर्षांत तिच्या पाठोपाठ आणखी आठ आल्या. नववी आणि शेवटची २०२१ साली निघाली. या सर्व मालेला ‘द एक्सपान्स’ असे नाव आहे. काळ काही शतकांनंतरचा आहे. माणूस सूर्यमालेत पसरला आहे. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचे राज्य आहे, मंगळ स्वतंत्र असून लष्करी बाण्याचा आहे आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणी खणणारे, बर्फाचे तांडे वाहून नेणारे जे कष्टकरी आहेत त्यांना बेल्टर म्हणतात. हवा आणि पाणी यांसाठीही या बेल्टरांना दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. होल्डन नावाचा कप्तान आणि त्याच्या जहाजावरील नाओमी, एमस व ॲलेक्स, ही चौकडी सबंध मालेत वाचकाची सोबत करते.

या कादंबऱ्यांवरून त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिका २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२२ च्या जानेवारीत संपली. सहा पर्वे, बासष्ट भाग. आणि छापील पुस्तक व पडदा यांच्या मध्ये तिसरी एक वस्तू आहे, ती म्हणजे श्राव्य पुस्तक. पहिलीच कादंबरी ऐकावयाची म्हटले तर सुमारे एकवीस तास लागतात. एकवीस तास एकाच माणसाचा आवाज कानाशी! एवढा सहवास आपण पुष्कळदा सख्ख्या भावालाही देत नाही. श्रोत्याची मते इतकी तीव्र का होतात, याचे पहिले उत्तर या आकड्यातच आहे.

श्राव्य पुस्तक ही प्रवासात वेळ घालविण्यासाठी निघालेली चैनीची वस्तू आहे, अशी अनेकांची समजूत असते. तिचा उगम मात्र फार गंभीर आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांपैकी अनेकांना प्रौढ वयात ब्रेल शिकणे जड जाई. त्यांच्यासाठी आणि इतर अंधांसाठी अमेरिकेत १९३४ साली व इंग्लंडात १९३५ साली ‘बोलकी पुस्तके’ तबकड्यांवर निघू लागली. इंग्लंडातील तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावत असे. तेथील पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ ही होती. एक पुस्तक खुनाचा तपास लावणारे, दुसरे समुद्री वादळाचे. म्हणजे अंधाला केवळ बोधपर पुस्तके नकोत, इतरांना जे वाचावेसे वाटते तेच त्यालाही हवे, हे तेव्हाच मान्य झाले होते.

आणि वादही तेव्हापासूनचाच आहे. वाचणाऱ्याने पात्रांचे आवाज काढून अभिनय करावा, की शब्द स्वच्छ उच्चारून स्वतः बाजूला राहावे? एका पक्षाचे म्हणणे, नाट्य नसेल तर ऐकणारा पेंगतो. दुसऱ्याचे म्हणणे, आम्हांला पुस्तक द्या. पात्रे कशी बोलतात ते आमचे आम्ही ठरवू. दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात स्वाभिमान आहे. डोळस वाचकाला जे कल्पनेचे स्वातंत्र्य मिळते तेच तो मागत असतो. आजचा श्रोता “वाचणारा फार अभिनय करतो” किंवा “फार कोरडे वाचतो” अशी तक्रार करतो तेव्हा त्या जुन्याच वादात तो कौल देत असतो.

आता ‘एक्सपान्स’च्या श्राव्य पुस्तकाकडे वळू. पहिल्या तीन कादंबऱ्या जेफरसन मेझ या रंगभूमीवरील नटाने वाचल्या. हे गृहस्थ एकट्याने अनेक होण्यात मुरलेले. डग राइट यांच्या ‘आय ॲम माय ओन वाइफ’ या एकपात्री नाटकात त्यांनी चाळीसच्या आसपास व्यक्ती उभ्या केल्या आणि त्याबद्दल २००४ साली त्यांना टोनी पारितोषिक मिळाले. आपल्याकडे याचे नवल वाटण्याचे कारण नाही. उत्तररंगात एकच कीर्तनकार कृष्ण होतो, सुदामा होतो, सुदाम्याची बायकोही होतो आणि त्यासाठी त्याला उपरण्यापलीकडे काही लागत नाही. आवाजाला थोडासा बाक दिला की श्रोता उरलेले काम स्वतः करतो.

या कादंबऱ्यांची रचनाही अशा वाचनाला सोयीची आहे. प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टीने सांगितलेले आणि प्रकरणाच्या माथ्यावर त्या पात्राचे नाव. छापील पुस्तकात डोळा त्या नावावरून सहज पुढे सरकतो. ऐकताना मात्र “होल्डन” किंवा “मिलर” एवढाच एक शब्द वाचणारा उच्चारतो आणि सूत्रधाराने पात्राचा प्रवेश सांगावा तसे होते. तीन कादंबऱ्या अशा रीतीने ऐकल्यावर श्रोत्याच्या मनात हे आवाज पक्के बसले. एमस हा असाच बोलतो, ॲलेक्सचे हेल असेच असतात, हे ठरून गेले.

मग २०१४ साली चौथी कादंबरी आली, ‘सिबोला बर्न’. तिचे श्राव्य पुस्तक मेझ यांनी वाचले नव्हते. ते एरिक डेव्हिस या दुसऱ्या अभिवाचकाने वाचले. आणि श्रोत्यांमध्ये मोठी नाराजी पसरली. तीच चौकडी, तेच जहाज, पण आवाज निराळे. पुढल्या वर्षी पाचवी कादंबरी आली तेव्हा मेझ परत आले होते. पण मध्ये चौथ्या पुस्तकाचा खड्डा राहिला आणि पुढे तेही पुस्तक मेझ यांच्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित झाले. श्रोते जे मागत होते ते अखेर त्यांना मिळाले.

येथे थांबून विचार केला पाहिजे. या नाराजीत डेव्हिस यांच्या वाचनाचा दोष किती आणि श्रोत्याच्या सवयीचा भाग किती? सवय हा शब्द आम्ही तुच्छतेने वापरत नाही. घरात आजीने सांगितलेली गोष्ट मावशीने सांगितली तर मूल लगेच अडविते: “असं नाही, राक्षस असा बोलत नाही.” मावशीला गोष्ट सांगता येत नाही असे मुलाला म्हणावयाचे नसते. राक्षस एकदा बोलला आहे, आता त्याने आवाज बदलता कामा नये, एवढेच त्याचे म्हणणे. हा हट्ट नव्हे. गोष्टीवरचा विश्वास आहे. पण ते मूल पुढे जाऊन “मावशी वाईट आहे” असे म्हणू लागले तर आपण त्याला थांबवू. श्रोत्यांपैकी पुष्कळ जण असे पुढे जातात, आणि आमची तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

योगायोग असा की ‘सिबोला बर्न’चे कथानकही याच स्वरूपाच्या भांडणाचे आहे. सूर्यमालेबाहेरच्या एका ग्रहावर गॅनिमीडहून परागंदा झालेले बेल्टर आधी जाऊन वस्ती करतात आणि त्याला इलस असे नाव देतात. मागाहून एक कंपनी संयुक्त राष्ट्रांचा परवाना घेऊन येते. तिच्या लेखी तोच ग्रह ‘न्यू टेरा’. आधी आलेल्याचा हक्क मोठा की परवानेवाल्याचा, यावरून रक्तपात होतो. डेव्हिस यांच्यापाशी परवाना होता. पण कानात वस्ती आधी दुसऱ्याची झाली होती. नवा माणूस कितीही कुशल असो, अशा ठिकाणी त्याला उपरा ठरविले जाते. म्हणून चौथ्या पुस्तकाविषयीचे मत वाचताना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की हे मत देणारा मनुष्य आधीची तीन पुस्तके ऐकून आला होता काय? जो थेट चौथ्यापासून ऐकू लागला त्याचे मत डेव्हिस यांच्या वाचनाविषयी मानता येईल. जो क्रमाने आला त्याचे मत मुख्यतः बदलाविषयी आहे. दोन्ही मते खरी आहेत, पण ती एकाच गोष्टीविषयी नाहीत.

यात दूरचित्रवाणीची भर पडली तेव्हा गुंता आणखी वाढला. क्रिसजेन अवसरला ही या कथेतील एक थोर व्यक्तिरेखा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कारभारातील ही वयस्कर, नातवंडे असलेली मुत्सद्दी बाई साडी नेसते, पिस्ते खाते आणि तिच्या तोंडी अशा शिव्या आहेत की त्या या व्यासपीठावरून उच्चारता येणार नाहीत. अवसरला हे आडनाव आपल्याकडील आंध्रातले. कादंबऱ्यांत ती दुसऱ्या पुस्तकात प्रथम येते. मालिकेत ती पहिल्या पर्वापासून आहे. मालिकेत तिचे काम तेहरानमध्ये जन्मलेल्या शोहरे अगदाश्लू या नटीने केले. त्यांचा घोगरा, दाणेदार आवाज एकदा ऐकला म्हणजे विसरत नाही. आता मालिका आधी पाहून जो श्रोता पुस्तकाकडे येतो त्याच्या कानी अवसरला येते ती एका पुरुषाच्या आवाजात. त्याला ते अपुरे वाटले तर आश्चर्य काय? आणि ज्याने २०१२ सालीच दुसरे पुस्तक ऐकले, त्याला पडद्यावरची अवसरला पाहून “ही ती नव्हे” असे क्षणभर वाटले असेल, तर तेही तितकेच स्वाभाविक.

असेच ड्रमर या बेल्टर स्त्रीचे. मालिकेत तिला फार मोठे स्थान आहे, कारण कादंबऱ्यांतील अनेक पात्रांची कामे तेथे तिच्याकडे दिली आहेत. प्रेक्षक सुरुवातीच्या श्राव्य पुस्तकांत तिला शोधतो आणि ती सापडत नाही. ॲलेक्सचा मृत्यू मालिकेत पाचव्या पर्वाच्या शेवटी होतो. पुस्तकात तो पुढेही जहाज चालवीत असतो. मालिकेसाठी निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बेल्टरांची मिश्र बोली नीट नियमांत बसवून दिली. आधीच्या कादंबऱ्यांत ती बोली सैल आणि विस्कळित आहे. बेल्टर लोक हातवारे फार करतात, कारण अंतराळपोशाखात चेहरा दिसत नाही. पडद्यावर ते हात दिसतात, श्राव्य पुस्तकात त्यांचे वर्णन ऐकावे लागते. या सर्व बाबतींत कोणी “श्राव्य पुस्तक मालिकेसारखे नाही” अशी तक्रार केली तर ती वाचणाऱ्याच्या दारी टाकणे अन्यायाचे होईल. तेथे वाचणाऱ्याकडे कर्तृत्वच नाही. तो समोरच्या पानाला बांधलेला आहे.

मग वाचणाऱ्याची जबाबदारी म्हणून काही उरतेच की नाही? उरते. विज्ञानकथेत तर अधिकच उरते, कारण ऐकणाऱ्यासमोर अक्षर नसते. जो उच्चार कानी पडेल तोच त्याचा शब्द. ‘गिंबल’ हा शब्द घ्या. जहाज डोलले तरी होकायंत्र किंवा तोफ स्थिर राहावी म्हणून ज्या फिरत्या कड्यांत ती बसवितात, त्या योजनेला गिंबल म्हणतात. अंतराळनौकेच्या कथेत हा शब्द वरचेवर येतो. मेझ त्याचा उच्चार ‘जिंबल’ असा करतात आणि त्यावरून कित्येक तंत्रज्ञ श्रोते कावले. गंमत अशी की इंग्रजी कोशांत दोन्ही उच्चार दिलेले आहेत. म्हणजे तो प्रमाद नव्हे. तथापि कारखान्यात आणि प्रयोगशाळेत ज्यांचा त्या वस्तूशी रोजचा संबंध, त्यांच्या कानाला तो खटकतो, आणि तो खटका वीस तासांत पुनःपुन्हा बसतो. अशा श्रोत्याचे मत आम्ही मोलाचे मानतो. त्याने दाखविलेली गोष्ट निश्चित आहे, तपासता येते आणि पुढच्या पुस्तकात सुधारता येते. “मजा आली नाही” या शेऱ्याचे कोणी काय करावे?

आमच्या दृष्टीने श्रोत्यांची मते तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार सवयीचा: मला आधीचा आवाज हवा होता. दुसरा पानाचा: कथा अशी का लिहिली, अमुक पात्र येथे का नाही. तिसरा कसबाचा: उच्चार, गती, दोन पात्रांतील फरक, वाक्याचा अर्थ ओळखून केलेला विराम. वाचणाऱ्याला खरोखर लागू पडतो तो तिसरा. पहिल्याचा विचार प्रकाशकाने करावा, दुसऱ्याचा लेखकाने. पण मत देण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, पाचांपैकी इतके तारे, तिच्यात ही तीनही मते एकाच रांजणात ओतली जातात. एक तारा पडला. तो आवाज बदलला म्हणून, की गोष्ट आवडली नाही म्हणून, की उच्चार चुकले म्हणून? आकडा मुका आहे. आणि ज्याच्या नावापुढे तो लागतो त्या माणसाच्या पोटाचा प्रश्न त्याच्याशी निगडित असतो.

श्रोत्यांच्या मताला आज सामर्थ्य नाही असे कोणी समजू नये. २०१८ च्या मे महिन्यात सायफाय वाहिनीने ही मालिका तिसऱ्या पर्वानंतर बंद करण्याचे जाहीर केले. चाहत्यांनी एवढी चळवळ केली की ॲमेझॉनच्या चित्रनिर्मिती कचेरीवरून विमानाच्या शेपटीला फलक बांधून फिरविला. त्याच महिन्यात ॲमेझॉनने मालिका आपल्याकडे घेतल्याचे जाहीर झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात चौथे पर्व आले. ते पर्व ‘सिबोला बर्न’वरच आधारलेले होते! ज्या कथेच्या आवाजावरून वाद माजला, तीच कथा प्रेक्षकांच्या आग्रहामुळे पडद्यावर आली. सामर्थ्य असे असते तेव्हा जबाबदारीही त्याच मापाची हवी.

आणि श्राव्य पुस्तकाचे महत्त्व मालिका संपल्यावर कमी झाले नाही, वाढले. मालिका सहाव्या कादंबरीच्या टप्प्यावर थांबली. शेवटच्या तीन कादंबऱ्या पडद्यावर आल्याच नाहीत. होल्डन आणि त्याचे सोबती म्हातारपणाकडे झुकतात, जहाज जुने होते, त्यांचे एकेकाचे काय होते, हे ज्याला जाणावयाचे त्याने पुस्तक वाचावे नाही तर ऐकावे. पडद्याने जेथे साथ सोडली तेथून पुढे कान धरून नेणारा एकच आवाज उरतो. चौथे पुस्तक त्याच आवाजात असावे ही मागणी म्हणूनच आम्हांस रास्त वाटते. नऊ पुस्तकांची एक गोष्ट आहे आणि ती एका तोंडाने सांगितली जावी, यात गैर काही नाही. पण ती मागणी मान्य झाली म्हणजे आधीचे वाचन नालायक ठरले, असा अर्थ काढण्याचा हक्क आम्हां श्रोत्यांना नाही.

शेवटी आपल्यापुरते थोडे बोलू. मराठीतही आता श्राव्य पुस्तके निघतात, मोठ्या संख्येने ऐकली जातात आणि त्यांवर ऐकणारे मते देतात. विज्ञानकथेचे दालन आपल्याकडे लहान आहे, पण आहे, डॉ. जयंत नारळीकरांनी त्यात घातलेली भर सर्वांना ठाऊक आहे. मराठी अभिवाचकाला अडचणी दुहेरी. ‘क्वांटम’ म्हणावे की ‘पुंज’, आणि कृष्णविवर म्हणताना ‘वि’ गिळू नये, येथपासून सुरुवात. त्याला आपले मत हवे आहे. ते आपण कसे द्यावे?

आमची सूचना साधी आहे. पहिल्या पाच मिनिटांवर कौल देऊ नये. नव्या आवाजाला निदान तासभर अवकाश द्यावा, कारण कान बसावयाला वेळ लागतो. चूक दाखवावयाची तर प्रकरण आणि शब्द सांगावा. पुस्तक नापसंत असेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि वाचणाऱ्याला त्यातून सोडवावे. आधी मालिका पाहिली असेल किंवा आधीचे भाग दुसऱ्याकडून ऐकले असतील तर तेही नमूद करावे, म्हणजे मत कोणत्या कानाने दिले आहे ते वाचणाऱ्यास कळेल. आणि जे साधले असेल त्याचीही नेमकी नोंद करावी. “फारच छान” याने कोणाला काही शिकता येत नाही, पण “अमुक प्रसंगी तुम्ही थांबलात, तेथे माझ्या काळजाचा ठोका चुकला” याने पुष्कळ शिकता येते.

ज्या अंध सैनिकांसाठी ही पुस्तके प्रथम बोलू लागली, त्यांच्या दृष्टीने वाचणारा माणूस हा उसना घेतलेला डोळा होता. आपण डोळस असूनही आज तोच डोळा उसना घेतो. स्वयंपाक करताना, गाडीत लोंबकळताना, रात्री झोप येईना झाली म्हणजे. उसन्या वस्तूचा दोष सांगण्याचा अधिकार घेणाऱ्याला असतो, आणि ती जपून हाताळण्याचे बंधनही असते. हे दोन्ही ध्यानी ठेवून श्रोत्याने कौल द्यावा, एवढेच सांगावयाचे होते.  आता या व्याख्यानाविषयी जे मत द्यावयाचे ते सुखाने द्यावे. फक्त कोणते वाक्य पटले नाही तेवढे सांगावे.